सोनं काढलेली माती

माझं सासर गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा. आमच्या खानापूर भागातली कितीतरी घरं त्यासाठी परमुलखात पांगलेली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बरीच वर्षं कर्नाटकात एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीजवळ राहिले. खाणीनं टाकून दिलेली माती घ्यायची, बारीक दळायची, पाणी आणि पारा घालून मळायची. पारा सोन्याचा कण न् कण धरून ठेवतो. मग तो फडक्यातनं पिळायचा, उरलेला गोळा तापवायचा, की पारा उडून जातो आणि सोनं राहतं. तिथली शेतं, अंगणं, घरांच्या भिंतीसुद्धा त्याच मातीच्या, असं ते कौतुकानं सांगायचे.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. माझ्या लग्नाच्या जरा आधी मामंजी कायमचे घरी आले, ते त्या मातीची पोती घेऊनच. परड्यात बसून त्यांनी ती सगळी तशीच मळून धुतली. धुतलेला गाळ मात्र घराबाहेर टाकायचा नाही, ही आमच्या घरची रीत. सोनं दिलेली माती म्हणजे लक्ष्मी, तिला कोण बाहेर काढणार? परड्याच्या कोपऱ्यात ढीग पडून होता.

मी साताऱ्याकडची, नवी सून, अंगात नुसती रग. जुनी चूल तडकलेली बघितली आणि म्हटलं, दाखवतेच यांना. गाळ पिठासारखा मऊ. त्यात भुसा आणि शेण कालवून अशी चूल घातली, की आळीतल्या बायका बघायला आल्या. रोज सकाळी चुलीवरनं पोतेरं फिरवायचं, तेही त्याच मातीचं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तोंडभरून कौतुक केलं. मी फुगले, खोटं कशाला बोलू!

थोड्याच दिवसांत मला दिवस गेले आणि आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरातनं हाकललं. धुरात बसायचं नाही म्हणाल्या. मी वाद घातला. माझी चूल आणि मलाच बंदी? त्या ऐकतात कुठल्या! बिनखिडकीच्या त्या खोलीत दोन्ही वेळच्या भाकऱ्या त्या एकट्या थापायच्या. सातव्या महिन्यात मी माहेरी गेले.

मुलगी झाली. तीन महिन्यांनी तिला घेऊन परत आले, तर दारात भाकरतुकडा ओवाळायला आत्याबाईंनी शेजारणीला पुढं केलं. स्वतः लांब उभ्या, हात पदराखाली. पुढंही तेच. पोर रडून आकांत करायची, पण ही बाई उचलून घेईल तर शपथ. मुलगी झाली ना, म्हणून, असं मी धरून चालले. जीव असा जळायचा की काय सांगू. बोलणं टाकलं, भांड्यांची आदळआपट केली. बाळंतिणीनं धुरात यायचं नाही म्हणून चूल अजून त्यांच्याकडंच होती, आणि आता भाकऱ्या वेड्यावाकड्या व्हायला लागल्या होत्या. तेही मला नाटकच वाटलं.

मग त्यांच्या हिरड्या सुजल्या, तोंडाला सारखी लाळ सुटायला लागली, घास तोंडापर्यंत जाईना. शेवटी पोरीला काखेत मारून मीच त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी हात पुढं करायला सांगितले. पदराखालनं हात निघाले. बोटं सारखी थरथरत होती. डॉक्टरांनी घरचा धंदा विचारला. गलाई म्हटल्यावर घरात पारा आहे का, म्हणाले. मी ठणकावून नाही म्हटलं. मामंजींची पाऱ्याची बाटली कधीच संपली होती. मग त्यांनी विचारलं, धुतलेल्या मातीचं काय केलंत?

चूल घातली, मी सांगितलं, आणि रोजचं पोतेरंही त्याच मातीचं. पारा मातीत राहतो, डोळ्यांना दिसत नाही, ताव लागला की वाफ होऊन नाकात जातो, असं ते समजावत होते. मामंजींच्या हातातली कपबशी वाजायची, ती वयामुळं नव्हे, हेही तेव्हाच उमगलं. तिकडं खाणीजवळ जिथं गावच्या गाव त्या मातीवर बसलंय, तिथल्या चुलींचं काय, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही. पोटुशी बाई त्या चुलीपुढं बसती, तर पोटातल्या जिवाचं काही खरं नव्हतं, असं डॉक्टर माझ्या पोरीकडं बघत म्हणाले. आत्याबाईंचे हात पहिल्यासारखे होतील का, ते मात्र सांगता येत नाही म्हणाले.

परतीच्या एसटीत मी सगळं ओकून टाकलं. आवं आत्याबाई, चूल मी घातली, तुमचे हात मी घालवले. पोरीवरनं मनात काय काय धरलं होतं, तेही सांगितलं. तासगाव आलं तशा त्या माझ्याकडं वळल्या.

"पोरगी नगं म्हनून न्हवं गं," त्या म्हणाल्या. "हातातनं पडंल म्हनून घेतली न्हाई."

मग पोरीकडं बघत म्हणाल्या, "लय बरं झालं, तुला तिथं बसू दिलं न्हाई."

मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांचे दोन्ही हात तिच्याभोवती घेतले आणि वरनं माझे घट्ट धरले. विट्याला उतरेपर्यंत आम्ही तशाच बसलो.