शैलेंद्रने धरलेल्या जागा

अमेरिकेतल्या आमच्या एडिसनच्या मराठी मंडळात माझ्या नवऱ्याला सगळे ओळखतात ते जागा धरणारा माणूस म्हणून. दिवाळीचा कार्यक्रम हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये पाचला असेल, तर शैलेंद्र पावणेचारला दारात हजर. तिसऱ्या रांगेत एका खुर्चीवर स्वेटर, दुसरीवर माझी ओढणी, तिसरीवर कारची किल्ली, आणि मधोमध हा स्वतः हात पसरून बसलेला. कुणी काकू आल्या की एकच शब्द, "धरलीय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला बोलू, चोवीस वर्षांत आम्ही एकही नाटक मागच्या रांगेतून बघितलेलं नाही.

नागपूरहून आला तेव्हा एक सूटकेस आणि टेस्टिंगची नोकरी एवढंच होतं. मग दोन ले-ऑफ झाले, तीन कंपन्या झाल्या आणि ग्रीन कार्डसाठी तेरा वर्षं वाट बघणं झालं. त्या तेरा वर्षांत याच्या डोक्यात एक भीती जी बसली ती बसलीच: घरातला एक कागद हरवला की आपल्याला इथून जावं लागणार. तेव्हापासून सगळ्यांचे पासपोर्ट याच्याकडे. प्रवासात शर्टाच्या आत पोटाला पाऊच बांधतो आणि दर दहा मिनिटांनी चाचपतो. लोकांना वाटतं बिचाऱ्याचं पोट दुखतंय. आमची अनिका जन्माने इथलीच, वीस वर्षांची घोडी झाली, तरी तिचाही पासपोर्ट बाबांच्या पोटावर.

दुसरी खोड म्हणजे हा कुणाला काही विचारत नाही. रस्ता चुकला तर विचारणार नाही, दुकानात वस्तू सापडली नाही तर विचारणार नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला की विचारलं की समोरच्याला कळतं आपण नवीन आहोत. अरे बाबा, चोवीस वर्षं झाली! पण नाही.

आणि तिसरं, ज्यावरून आमची रोज भांडणं होतात, ते म्हणजे डायबिटीस. तीन वर्षं झाली इन्शुलिन सुरू होऊन. डॉक्टरांनी दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावायला सांगितलं, तर म्हणे, मी काय मशीन आहे? साखर उतरली तर चघळायला ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेव म्हटलं, तर म्हणे, मी काय पेशंट आहे? म्हणून गोळ्या माझ्या पर्समध्ये. मागच्या वर्षी ओक ट्री रोडवर मी कोथिंबीर घेऊन पार्किंगमध्ये आले, तर हा गाडीत घामाने निथळत बसलेला आणि मला म्हणतो, "ताई, कोण पाहिजे तुम्हाला?" साखर उतरली होती. ज्यूस पाजला, पाच मिनिटांत माणसात आला. त्याला त्यातलं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं.

तर त्याच वर्षी पुढे अनिका एका सेमिस्टरसाठी म्युनिकला गेली. शैलेंद्रचं म्हणणं होतं की इथली चांगली युनिव्हर्सिटी सोडून तिकडे कशाला, आणि जर्मन शिकून करणार काय? शेवटी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आम्हीच तिला भेटायला गेलो. तिच्याबरोबर ज्ञानदा होती, तिच्याच कॉलेजची मैत्रीण. हिचं घर शिकागोला, आईवडिलांचं डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांचं दुकान. गोड पोरगी. मी नेलेले बेसनाचे लाडू पहिल्याच दिवशी अर्धे तिनेच संपवले.

शुक्रवारी मुलींनी एका तळ्याकाठच्या गावाला जायचं ठरवलं, ट्रेनने तासाभराचा रस्ता. अनिकाने आदल्या रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता, कुठे चढायचं, काय करायचं. शैलेंद्रने त्याला अंगठा दाखवला, म्हणजे वाचला नाही. वर रोमिंगचे पैसे जातात म्हणून स्वतःचा आणि माझा फोन एअरप्लेन मोडवर टाकून ठेवलेला. अनिका आहे ना बरोबर, मग आपल्याला फोन कशाला, हे त्याचं लॉजिक.

स्टेशनवर बारा वाजले होते. डबा माझ्या पिशवीत, पराठे आणि बटाट्याची भाजी. गाडीत बसल्याबसल्या जेवायचं असं ठरलं, म्हणून त्याने प्लॅटफॉर्मवरच शर्ट वर करून इन्शुलिन टोचून घेतलं. तेवढ्यात गाडी आली आणि गर्दी उसळली. आणि आमचे साहेब निघाले. मी ओरडले, अनिका "बाबा, पुढच्या डब्यात!" म्हणून ओरडली, पण जागा धरायचं एकदा डोक्यात आलं की याला कान नसतात. मागच्या बाजूच्या एका दारातून आत घुसला. आम्ही पुढे चढलो, कारण दारं बंद व्हायला लागली होती.

मला काही वाटलं नाही. म्हटलं, येईल आतून चालत. अनिकाने त्याला फोन लावला, तो अर्थातच बंद. मग मी मुलींना लाडू दिले, ज्ञानदाने तिच्या आईच्या दुकानातल्या गमती सांगितल्या, आम्ही खूप हसलो. गाडीत काही सूचना होत होत्या, पण आमच्या बडबडीत लक्ष कुणाचं. एका जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली, मग सुटली. मी सहज खिडकीतून बाहेर बघितलं, तर आमच्या गाडीचा मागचा अर्धा भाग प्लॅटफॉर्मवरच उभा. आणि त्याच्या खिडकीत शैलेंद्र. शेजारच्या तीन सीटवर त्याचं जॅकेट, टोपी आणि सॅक. आम्हीच त्याला सोडून चाललोय अशा रागाने हातवारे करत होता.

अनिकाचा चेहरा पांढराफटक पडला. ती गाडी तिथे तुटते, तिने सांगितलं. पुढचा भाग तळ्याकडे जातो, मागचा दुसऱ्याच डोंगराकडे. दोन्ही भाग एकमेकांना नुसते जोडलेले, आतून वाट नाही. हेच तिने मेसेजमध्ये लिहिलं होतं.

"आई, इन्शुलिन कधी घेतलं बाबांनी?"

मी घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं झाली होती. आणि डबा माझ्या मांडीवर, गोळ्या माझ्या पर्समध्ये.

मी काय सांगू तेव्हा काय झालं मला. डोळ्यांसमोर ते पार्किंग, तो घाम, ते "कोण पाहिजे तुम्हाला?" इथे तर कुणी ज्यूस पाजणारंही नाही. हा घामाने निथळत असंबद्ध बोलायला लागला तर लोकांना वाटेल दारू प्यायलाय, आणि लांब जाऊन बसतील. आणि हा विचारणार नाही. मेला तरी कुणाला काही विचारणार नाही.

अनिका मात्र उठली. दोन डबे पलीकडे तिकीट तपासणारी बाई होती, तिला गाठलं आणि तिच्याशी जर्मनमध्ये बोलायला लागली. मला त्यातला एक शब्द कळत होता, डायबेटिस. बाईने लगेच फोन लावला, अनिकाने शैलेंद्रचं वर्णन केलं, बहुतेक तीन सीटचंही, कारण बाईने भुवया उंचावल्या. मग आम्हाला पुढच्या स्टेशनवर उतरवलं. बाई म्हणाली की निरोप गेलाय, दुसऱ्या गाडीत शोधतील, कळवतील.

ते स्टेशन म्हणजे एक बाक आणि एक घड्याळ. ज्ञानदा माझा हात धरून बसली. काकू, ही विल बी फाइन, असं परत परत म्हणत राहिली पोरगी. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. म्हटलं, एकदा सापड, मग बघते तुला. मग म्हटलं, नाही, काही बोलणार नाही, नुसता सापड. मंडळात सगळ्यांसमोर तू जागा धर, मी तुझ्या शेजारी हसत बसेन, नुसता सापड.

अकरा मिनिटांनी अनिकाचा फोन वाजला. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला तिचा चेहरा वाचता येत नव्हता. मग तिने फोन खाली घेतला.

"सापडले. खातायत."

मी ज्ञानदाचा हात सोडला. इतकं हलकं वाटलं की हसू आलं, आणि हसता हसता तोंडाला पदर लावायला गेले तर अंगात जॅकेट. अनिकाने टॅक्सी बोलावली. वीस मिनिटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाची किनार असलेली शेतं. तोवर माझं लक्ष बाहेर गेलंच नव्हतं, आता गेलं. छान होता रस्ता.

त्याला गाडीतून उतरवलं होतं त्या स्टेशनवर, वेटिंग रूममध्ये शैलेंद्र बसलेला, खांद्यावर कुणाची तरी लोकरीची शाल, हातात केकचा तुकडा. शेजारी एक म्हाताऱ्या बाई, पंच्याहत्तरीच्या असतील. केक त्यांचाच, बहिणीकडे घेऊन चालल्या होत्या. आता त्यातला पाव भाग उरला होता. चेहरा उतरलेला होता त्याचा, पण डोळ्यांत ओळख होती. मला ताई म्हणाला नाही. मी त्याचं बोट टोचून बघितलं. साखर एकशे चार, म्हणजे ठीक.

मग त्याने सांगितलं. जंक्शन सोडल्यावर दहा मिनिटांत हात थरथरायला लागले. त्याला वाटलं पुढच्या स्टेशनवर उतरू, सगळं आपोआप ठीक होईल. मग घाम सुटला. मग खिडकीतलं दिसेनासं व्हायला लागलं. तेव्हा तो समोरच्या बाईंना म्हणाला, प्लीज, शुगर. त्यांनी डबा उघडून केक त्याच्या हातात दिला, गार्ड शोधत आला तेव्हा याचा दुसरा तुकडा चालू होता.

"केकमध्ये अंडं असेल," मी म्हटलं. हा जन्मभर अंडं न खाल्लेला माणूस. खरं तर मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

"असू दे," तो म्हणाला. मग पोटावरचा पाऊच चाचपून हळूच म्हणाला, "नंदा, मी पडलो असतो तर तुमचे पासपोर्ट गेले असते गं. म्हणून विचारलं मी त्यांना."

"चुलीत घाल ते पासपोर्ट," मी म्हटलं, आणि तिथेच, त्या म्हाताऱ्या बाईंसमोर, भोकाड पसरून रडले. बाईंनी उरलेला केक माझ्या हातात दिला.

अनिका इतका वेळ उभीच होती. फोन, टॅक्सी, बाईंचे आभार, सगळं करून झालं होतं तिचं. आता करायला काही उरलं नाही तशी ती बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. इंग्लिशमध्ये काहीतरी सॉरी सॉरी म्हणत होती, की मी ट्रेनमध्ये तुमच्याबरोबर चढायला हवं होतं. शैलेंद्र तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. त्याला मुलीला समजावता येत नाही, कधीच आलं नाही. मग त्याने विचारलं, "तू त्यांना जर्मनमध्ये सांगितलंस सगळं?"

ती हो म्हणाली.

"माझं पूर्ण नाव सांगितलंस? आडनावासकट?"

"हो बाबा."

"त्यांना कळलं?"

"कळलं म्हणून तर आले ना तुमच्याकडे."

पराठे आम्ही तिथेच खाल्ले, बाईंनाही दिले, त्यांना भाजी फार आवडली. मग त्यांच्या बहिणीची मोटार आली. शैलेंद्रने शाल घडी घालून दोन्ही हातांनी परत केली आणि वाकून नमस्कार केला. त्या गोंधळल्या, पण त्यांनीही मान झुकवली.

परतीची गाडी चार वाजता आली, रिकामीच, पाहिजे तिथे बसा अशी. शैलेंद्र माझ्या मागे उभा राहिला. दार उघडलं तरी हलला नाही. ज्ञानदा चढली, मी चढले.

"अनू," तो म्हणाला, "कुठल्या डब्यात बसायचं गं आपण?"

अनिकाने नाक पुसलं, त्याच्या खांद्यावरची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि तो तिच्या मागोमाग चढला.