मुरलेल्या कॉफीची झडती

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आठवणी निघाल्या की आधी तीच झडती डोळ्यांपुढे येते आणि मी एकटाच हसत सुटतो. ग्वाल्हेरची गोष्ट. मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो, निवृत्ती जवळ आलेली.

सकाळची हजेरी आटोपत होती. पाटणकर बाजारामागच्या गल्लीतला इस्त्रीवाला धापा टाकत आत आला. "साहब, मेरे ठेले के ऊपर जो बुड्ढा रहता है, उसने अपनी तीन पोतियाँ कोठरी में बंद कर रखी हैं! दो साल से! फ़ोन पर बहन को खुद बता रहा था. धूप तक नहीं लगने देता. अब कहीं भेज रहा है."

तीन नाती, कोठडीत, दोन वर्षं! माझं डोकंच फिरलं. रोजनामच्यात नोंद केली, महिला शिपाई आणि दोन पंच बरोबर घेतले आणि निघालो.

दार एका वयस्क गृहस्थांनी उघडलं. वर्दी अंगावर असली की माझ्या तोंडून हिंदीच निघते.

"पोतियाँ कहाँ हैं?"

"कोठरी में," आजोबा अगदी शांत.

"कब से?"

"दो साल हो गए. एक साल और रखूँगा, तब असली चीज़ बनेगी."

"और धूप?"

"अजी, धूप लगी कि सत्यानाश! महीने में एक बार उलट-पलट देता हूँ, बस."

काय निगरगट्ट माणूस! महिला शिपायाने काठी सरसावली. खाली सगळी गल्ली जमली होती, शिव्या सुरू झाल्या होत्या. आतून आजी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, काय करून बसलात?"

मी कोठडी उघडायला लावली. आत फळ्यांवर तागाची तीन पोती. मुलगी एकही नाही.

"नाती कुठे आहेत?" मी मराठीत गरजलो.

"नाती? नात एकच, ती पुण्याला. तुम्ही तर पोती विचारलीत! छातीवरच्या पाटीवर मराठी आडनाव दिसलं. म्हटलं, साहेबांची हिंदी कच्ची असेल."

घ्या! आजोबा बहिणीशी मराठीत बोलले होते. इस्त्रीवाल्याच्या कानात पोती म्हणजे नाती, आणि 'भाजतो' म्हणजे 'भेजता'.

पोत्यांत न भाजलेली कॉफी होती. आजोबांनी दक्षिणेत कॉफीच्या मळ्यावर उमेदीची वर्षं काढलेली. "भाजलेली कॉफी शिळी होते साहेब, कच्ची मुरते. आंबटपणा निघून जातो, घोट जड होतो, लाकडाचा, मसाल्याचा वास चढतो. लोणच्यासारखं आहे, घाई बिलकुल चालत नाही."

गुन्हा नव्हताच. पण खालची गर्दी हलेना. आजोबांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही जाल हो. उद्या या गल्लीत मी तोंड कसं दाखवू?"

मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "आजोबा, एक पोतं फोडा. भाजा आणि सगळ्यांना पाजा."

"तीन वर्षांच्या आधी?" पोटच्या पोरावर सुरी चालवायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आजींकडे पाहिलं. "काढ गं कढई."

जिन्यावर, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे गल्ली बिनदुधाची काळी कॉफी प्यायली. बहुतेकांनी तोंडं वाकडी केली. इस्त्रीवाल्याने मात्र घोट तोंडात घोळवला. "साहब, इसमें तो दादी के संदूक की ख़ुशबू है."

"शाब्बास!" आजोबांनी त्याच्या पाठीत धपका घातला. "हेच तर पाहिजे होतं!" पहिला हसला तो इस्त्रीवाला, मग सगळी गल्ली.

त्या दिवसापासून खबऱ्याला मी काय ऐकलंस एवढंच विचारत नसे, कुठल्या भाषेत ऐकलंस तेही विचारी. आजोबांनाही जाताना बजावलं, "फोनवर पोती म्हणू नका. हिंदीत बोरे म्हणतात, तेच म्हणा."

पुढे एकदा ते कपाळाला हात लावून ठाण्यात आले. "साहेब, तुमचं ऐकलं आणि बुडालो! बहिणीला सांगितलं, आता दोनच बोरे उरलेत, जिवापाड जपतोय. तिने अख्ख्या भावकीत फोन केले. दादाला वेड लागलं म्हणे, कोठडीत दोन बोरं ठेवलीत आणि त्यांची राखण करत बसलाय!"