सपनासुराचा शेवटचा कागद

आमच्या गल्लीत सकाळी कोणी भेटलं की "कापी झाली की?" असं विचारायची रीत आहे; कापी म्हणजे कॉफी. मुकुंदराव अण्णा ते कधी विचारत नसत. सायकलच्या दांडीला रंगाचे डबे अडकवून निघाले की ज्याच्या-त्याच्यापाशी एक पाय टेकून थांबत आणि म्हणत, "सपन काय पडलें?" दूधवाल्याला तमिळमध्ये, आम्हाला आमच्या घरच्या मराठीत. समोरच्यानं स्वप्न सांगितलं की मान डोलवत. "सरी, आतां तें मेलें," म्हणत आणि पुढे जात. सरी म्हणजे तमिळमधलं बरं. मला विचारलं की मी घड्याळात बघत असे.

अण्णा दुकानांच्या पाट्या रंगवत. तंजावुरात तेव्हा दर आठवड्याला काहीतरी नवं उघडत होतं. आज टेलिफोन बूथ, उद्या कॉम्प्युटर क्लास, परवा केबलवाला. त्यातल्या निम्म्या पाट्यांवरची तमिळ अक्षरं अण्णांची. देवनागरीचं मात्र त्यांना एक अक्षर येत नव्हतं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत ते नवल नव्हतं. राजांच्या काळापासून घरात मराठी, पण लिहायची वेळ आली की तमिळ लिपी. किराण्याची यादीसुद्धा मराठी शब्दांची, तमिळ अक्षरांतली. मी पोस्टानं मराठीच्या परीक्षा दिलेली, म्हणून स्वतःला वेगळी समजत होते. त्या मे महिन्यात मी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर मुलांसाठी देवनागरीचा वर्ग काढला. वेळापत्रक, हजेरी, खडू, पिण्याचं पाणी, सगळं यादीप्रमाणे होतं. पहिल्या आठवड्यात चौदा मुलं आली, दुसऱ्यात सहा. बाकीची केबलवर कार्टूनमधले परदेशी महावीर उडताना बघत बसली होती.

तिसऱ्या सोमवारी अण्णा कागदांची गुंडाळी घेऊन आले.

"सुमती, तुझीं अक्षरें चांगलीं आहेत गे. पण त्यांना खायाला कांहीं घालत नाहींस."

गुंडाळीत चित्रांतल्या पाच जणांची एक फौज होती. लाकडी मानेचा डोल्या, कितीही ढकला, आमच्या तंजावुरी बाहुलीसारखा परत उभा राहणारा. भिंतीवरून सायकल चालवणारा सैकलराव. जिच्या कापीची वाफ लागली की खोटं बोलणाऱ्याला शिंका येतात, ती कापीअत्या. मोठ्या देवळाच्या शिखराला वेणी टाकून वर चढणारी वेणी. आणि पाचवी यादीबाई. चष्मा, वही, कानावर पेन्सिल. तिनं वहीत लिहिलेली वस्तू जगात कुठेही हरवत नसे. मुलं माझ्याकडे बघून खुदखुदली. मी हजेरी घ्यायला लागले.

त्यांचा शत्रू सपनासुर. तो तलवार घेऊन येत नसे. माणूस झोपला की त्याच्या स्वप्नात शिरायचा आणि ज्याची त्याला सगळ्यांत जास्त लाज, तेच त्याला दाखवायचा. माणूस सकाळी उठून गप्प बसला की झालं, तो सपनासुराचा. सुटायचा उपाय एकच.

"ज्याला सांगायाची लाज वाटते, त्यालाच जाऊन सांगायाचें," अण्णा म्हणायचे. "दुसऱ्याला सांगून चालत नाहीं. सपनासुर हुशार आहे."

चित्रांखालचा मजकूर मराठी, अक्षरं तमिळ. मुलं धडाधड वाचत. अण्णा एकेका मुलाला त्याचं स्वप्न विचारत आणि दुसऱ्या दिवशी ते फौजेतल्या कोणाला तरी पडे. कावेरी नावाची आठ वर्षांची मुलगी होती, वर्गात तोंड न उघडणारी. तिनं सांगितलं, बाईंनी प्रश्न विचारला की जीभ गळून पाटीवर पडते. पुढच्या कागदावर वेणीची जीभ पडली, आणि कावेरी उभी राहून तो कागद मोठ्यानं वाचू लागली.

अण्णांनी मलाही विचारलं.

"मला स्वप्नं पडत नाहीत, अण्णा. वेळ नसतो."

"मग यादीबाईचें काय करूं? तीच एक राहिली."

"घाला काहीतरी."

"कांहींतरी कसें घालूं गे? तें तिचें आहे."

वर्ग पुन्हा भरला. गोष्ट संपली की अण्णा मागच्या खांबाला टेकून, मांडीवर कागद घेऊन बसत. मी फळ्यावर अक्षरं काढायची. मला वाटायचं, ते उद्याचं चित्र काढताहेत.

मग पत्र आलं. पुण्याकडच्या एका मंडळाचे तिघे जण वर्ग बघायला येणार होते. पसंत पडला तर मुलांसाठी पुस्तकं पाठवणार होते. मी यादी केली. ती अजून माझ्याजवळ आहे. सतरंज्या, हार, कापी, मुलांची कविता. सातव्या ओळीत लिहिलं आहे, "अण्णांना येऊ नका म्हणून सांगणे." पुढे बरोबरची खूण.

मी गेले तेव्हा अण्णा रॉकेलमध्ये ब्रश धूत होते.

"अण्णा, उद्या एक दिवस तुम्ही नको."

"कां गे?"

"पुण्याचे लोक आहेत. आपलं बोलणं त्यांना... मुलं गोंधळतील."

"कागद?"

"भिंतीवरचे काढून ठेवले मी."

त्यांनी ब्रश फडक्यानं पुसला. केस न् केस सरळ केला. "उद्यां शेवट सांगणार होतों," एवढंच म्हणाले.

"परवा सांगा."

"सरी."

दुसऱ्या दिवशी कविता छान झाली. मग पाहुण्यांतल्या एकांनी कावेरीला जवळ बोलावून विचारलं, काय शिकलीस? कावेरी न अडखळता म्हणाली, "सपनासुर येतो तेव्हां भिऊं नये म्हणोन शिकलें. सकाळीं उठोन सांगून टाकलें की तो मरतो."

"म्हणोन! उठोन!" पाहुणे हसले. "बखरच बोलते आहे पोर. हे कोण शिकवतं?"

"एक पेंटर आहेत आमच्या गल्लीत," मी म्हणाले. "वेळ जात नाही म्हणून येऊन बसतात. आता ते बिघडवतात आणि मी दुरुस्त करते." आणि मीही हसले. त्या तिघांपेक्षा मोठ्यानं.

वर बघितलं तर पायरीवर अण्णा उभे होते. कमरेला धुतलेली वेष्टी, अंगात पांढरा शर्ट, बगलेत एक गुंडाळी. त्यांनी पाहुण्यांना हात जोडले. मला म्हणाले, "जाऊन येतों," आणि वळले. कावेरीला पुढचा प्रश्न विचारला गेला. ती माझ्याकडे बघत होती.

अण्णा पुन्हा वर्गात आले नाहीत. त्यांचं घर माझ्या दारापासून चौथं. मी गेले नाही. मुलं शेवट विचारत, मी सांगत असे की अण्णांना काम आहे. पुढे पुस्तकांची खोकी आली, ती देवळाच्या कपाटात गेली. अण्णा सकाळी सायकलवरून जात तेव्हा पूर्वीसारखेच सगळ्यांपाशी थांबून स्वप्न विचारत. माझ्यापाशीही थांबत. मला विचारत, "कापी झाली की?"

कॉम्प्युटरवर कापलेल्या अक्षरांच्या पाट्या आल्या आणि अण्णांची कामं कमी झाली. काही वर्षांनी ते गेले. तेरा दिवसांचं सगळं सामान मी आणलं, काही राहिलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांच्या बायकोनं, मामींनी, मला एक गुंडाळी दिली. "तुझें आहे म्हणत होते. कधीं येशील म्हणोन ठेवली होती."

घरी येऊन उघडली. मजकूर देवनागरीत होता. अक्षरं माझ्या फळ्यावरची, वळण पाट्या रंगवणाऱ्या हाताचं. काही उलटी, काहींची शिरोरेघ राहिलेली. चार चौकोनांत चौघं एकमेकांना आपापलं स्वप्न सांगताहेत आणि सपनासुर दर चौकोनात थोडा लहान होतो आहे. पाचव्यात यादीबाई पायरीवर बसली आहे, वही मिटलेली. तिच्या तोंडापुढचा बोलण्याचा फुगा कोरा. खाली लिहिलं आहे, "हिचें सपन हीच सांगील. तोंवर सगळे थांबले आहेत."

मला स्वप्नं पडतात. एकच पडतं. ओसरीवर मी हसते आहे, पायरीवर कोण उभं आहे ते मला माहीत आहे, आणि हसू थांबत नाही.

गेल्या आठवड्यात मी तो कागद टेबलावर पसरला आणि कोऱ्या फुग्यात हे स्वप्न लिहिलं. अण्णांनी माझी अक्षरं शिकून घेतली होती. मी तमिळ अक्षरांत लिहिलं. जागा पुरली. "सरी, आतां तें मेलें," म्हणणारं कोणी नव्हतं.

परवा पहाटे ते पुन्हा पडलं.