दहा किलोंचा सराव

उत्तर लाओसमधला एक डोंगर मी पाऊण पाहिला आहे. वरचा पाव मला बायकोने सांगितला.

सिंगापूरला येऊन अठरा वर्षं झाली. इथे सगळं आहे, डोंगर नाही. (एक टेकडी आहे. तिच्यावर डांबरी रस्ता जातो!) पुण्यात असताना दर रविवारी कुठला ना कुठला गड चढणारा मी, हौगांग भागातल्या आमच्या बाराव्या मजल्यावरच्या घरातून ढग दिसले की उगाच खिडकीशी रेंगाळायचो. पुन्हा एकदा माथ्यावर उभं राहून ढग पायाखाली बघायचे होते. बस, एवढंच. म्हणून स्वस्तातलं विमान पकडून, खेड्यातल्या घरांत राहून लाओसचे डोंगर चढायचं ठरवलं.

सराव तर हवाच! सॅकच्या तळाशी पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या, टोचू नयेत म्हणून चादरीत गुंडाळून, कोंबल्या आणि महिनाभर रोज बारा मजले जिन्याने चढलो. शेजारच्या चिनी आँटी रोज कळवळायच्या, "अंकल, लिफ्ट स्पॉइल आह?"

चांगी विमानतळावर सॅक काट्यावर ठेवली. सतरा किलो!

"एवढं भरलंयस काय?" बायकोने, सुनीताने विचारलं.

"ट्रेकिंगचा अनुभव आहे तो!" (तेव्हाच जीभ का नाही झडली?)

पायथ्याशी आमचा वाटाड्या खाम म्हणाला, जड सामान इथेच ठेवा. मी बाणेदारपणे नकार दिला. खरा ट्रेकर स्वतःचं ओझं स्वतः वाहतो!

तासाभरात माझ्या छातीचा भाता झाला. सुनीता पुढे. एमआरटी स्टेशनपासून घरापर्यंत चालताना कुरकुरणारी आमची पंधरा वर्षांची इरा तर त्याहून पुढे. "बाबा, फास्टर लाह!" मी कुठला फास्टर? गुडघा सुजला आणि मी दगडावर बसलो. खरं सांगतो, रडू येत होतं. वाटलं, मी इतकी वर्षं डोंगरांची आठवण काढतोय आणि डोंगर मला कधीच विसरलेत.

क्रेप बँडेज शोधायला इराने सॅक तळापर्यंत उपसली. चादर निघाली. चादरीतून तांदूळ निघाला.

"बाबा, यू ब्रॉट राइस? टू लाओस?"

समोर सगळ्या उतारावर भातशेती डुलत होती. सुनीताने चादरीची सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली. (लग्नाला वीस वर्षं झालेल्यांना याचा अर्थ कळेल.) खाम मात्र पोट धरून हसला. माथ्यापलीकडे त्याच्या मावशीचं घर होतं, तिला देतो म्हणून पिशव्या त्याने खांद्यावर टाकल्या आणि तिघं वर गेली. मी दगडावरच राहिलो.

दोन तासांनी परत आल्यावर इराने फोन पुढे केला. फोटोत माथ्यावरचा खडक, खाली दूरवर पसरलेले ढग आणि खडकावर शेजारी शेजारी माझ्या दोन पिशव्या.

"तुझ्यासाठी काढला, बाबा."

तो फोटो आता आमच्या फ्रिजवर आहे. रोज पाहतो. डोंगरासाठी महिनाभर बारा मजले चढायचा सराव मी आणि त्या दोन पिशव्या, असा आम्ही तिघांनी केला होता. त्यातल्या दोघी पोचल्या!