खाडीकाठच्या घरातलं होकायंत्र

नोकरीतली बरीच प्रकरणं आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी कुठल्या ठाण्यात असताना झाली, हे सांगायला मला थांबून विचार करावा लागतो. कोकणातल्या एका होकायंत्राचं प्रकरण मात्र तसं झालं नाही. ते जसंच्या तसं समोर उभं राहतं. मुद्देमाल म्हणाल तर तळहातावर मावेल एवढाच होता.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला ठाणेदार होतो. निवृत्ती जवळ आली होती. कापूस वेचणी सरत आली होती. त्या दिवसांत ठाण्यात तक्रारी ठरलेल्या: कापसाच्या गाड्यांनी अडलेला रस्ता, बाजारातून गेलेली मोटारसायकल, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांत झालेली हाणामारी. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसलो, तर व्हरांड्यात साठीच्या आसपासच्या एक बाई उभ्या दिसल्या. इस्त्रीची सुती साडी, हातात पिशवी. आत यायचं की परत जायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. अशा माणसाला आपण हाक मारली नाही तर ते निघून जातं आणि पुन्हा येत नाही. मी महिला शिपायाला पाठवून त्यांना आत बोलावलं.

"साहेब, मले तक्रार नाही देयाची," बसल्याबसल्या त्या म्हणाल्या. "फक्त एक गोष्ट सांगायची आहे. पण माझं नाव कुठंच येऊ नये."

मी महिला शिपायाला तिथंच बसवून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

त्यांचे यजमान सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गावात मान होता, थोडी शेती होती. जुन्या वस्तूंचा भारी नाद. घरात एक खोली त्यासाठीच ठेवलेली. दर हिवाळ्यात दोघं नवरा-बायको समुद्राकडच्या मुलखात जात. पण समुद्र पाहायला नव्हे. किनाऱ्यावरच्या गावांत लोकांनी आपापल्या घरात मांडलेली लहान लहान संग्रहालयं, जुने दिवाणखाने, एखाद्या नाखव्याचं घर, हे पाहत ते फिरत.

"मोठ्या म्युझियमात काचेच्या बाहेरून पाहा लागते," बाई सांगत होत्या. "अशा घरी मालक सोता दार उघडते, पाणी देते, आपल्या आजोबाची गोष्ट सांगते. मलेही आवडे साहेब. आम्ही घरी आलो की महिनाभर तेच बोलत राहो."

त्या वर्षी ते एका खाडीकाठच्या गावात गेले होते. घर एका जुन्या तांडेलाचं, म्हणजे गलबत चालवणाऱ्या प्रमुखाचं. त्याच्या वंशातले दोन भाऊ. थोरला मुंबईला नोकरीत, धाकटा बायकोसह त्या घरात राहून पुढच्या दोन खोल्यांत पूर्वजांच्या वस्तू सांभाळणारा. धाकट्यानं स्वतः हिंडून सगळं दाखवलं. कपाटातून पितळी होकायंत्र काढलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं. "उत्तर दिशा कळली की तुमचं यवतमाळ कुठल्या अंगाला ते सांगतो," म्हणाला. सुई हलेना. "खारी हवा. अडकते ती," असं म्हणून हसला आणि ते परत ठेवून दिलं. मग त्याच्या बायकोनं बाईंना स्वयंपाकघरात नेलं, आमसुलं दाखवली, फोन नंबर घेतला-दिला. बाईंचे यजमान पुढच्या खोलीतच रेंगाळले.

घरी आल्यावर ते होकायंत्र यजमानांच्या कपाटात दिसलं. "त्यानं देऊन टाकलं, बिघडलेलं होतं म्हणे," असं त्यांनी सांगितलं. बाईंनी विश्वास ठेवला. पुढं उन्हाळ्यासाठी आमसुलं मागवावीत म्हणून बाईंनी त्या घरी फोन लावला, तर पलीकडची बाई रडायलाच लागली. होकायंत्र चोरीला गेलं होतं. थोरल्या भावाचं म्हणणं, धाकट्यानंच विकलं. त्यानं पोलिसात तक्रार दिली, संशयित म्हणून भावाचं नाव घातलं. धाकट्याला ठाण्यात बोलावणं सुरू झालं. त्यानं संग्रहालयाला कुलूप लावलं, आणि गावात कोणाशी बोलेना झाला.

"मी घरी आमच्या यायले विचारलं," बाई म्हणाल्या. "ते उठून बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी कपाटात ते नव्हतं."

त्या रडल्या नाहीत. पिशवीचे बंद मात्र बोटाला गुंडाळून गुंडाळून त्यांनी बोट पांढरंफटक केलं होतं.

बाई गेल्यावर मी कोकणातल्या त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला फोन केला. गुन्हा खरोखर नोंद होता. धाकट्या भावाला कितीदा तरी बोलावून झालं होतं, निष्पन्न काही नव्हतं. मी त्यांना सुचवलं, त्या दिवसांत घर पाहायला आलेल्या सगळ्याच पाहुण्यांकडे विचारपूस करण्याचं पत्र ठिकठिकाणी पाठवा. धाकट्या भावाला आर्णीचं जोडपं आठवत होतंच. पत्र आलं, आणि बाईंचं नाव न घेता मला त्यांच्या यजमानांना बोलावता आलं.

आमचे उपनिरीक्षक तरुण, तडफदार. त्यांचं म्हणणं, "सर, सरळ घरझडती घेऊ." मी नको म्हणालो. वस्तू कपाटातून हलली होती. झडतीत सापडली नसती तर माणूस सावध झाला असता. शिवाय पहिला संशय बायकोवरच गेला असता. खबर देणाऱ्याला सांभाळणं हे चोर पकडण्याइतकंच महत्त्वाचं असतं. नवीन माणसाला हे शिकायला वेळ लागतो.

ते गृहस्थ वेळेवर आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी चहा मागवला. कसलीही घाई दाखवली नाही. शिकलेल्या माणसाला धाक दाखवला की तो वकिलाचं नाव काढतो. त्याच्या आवडीचं विचारलं की तो आपणहून बोलतो.

"तुम्हाला या विषयातलं कळतं, म्हणून त्रास दिला," मी म्हणालो. "आम्हाला तिकडची घरं काय माहीत?"

ते खुलले. कोणत्या घरात गलबताच्या लाकडी प्रतिकृती आहेत, कुठं शंख-शिंपल्यांची खोली आहे, कुठल्या दिवाणखान्यात टांगलेली काचेची हंडी मूळची नाही, सगळं तपशिलानं सांगत गेले. ऐकायला खरंच गोड वाटत होतं. मध्येच त्यांचा स्वर चढला.

"पण साहेब, सांभाळत नाही हो लोकं! पितळेवर हिरवा थर आलेला असते. पोरं हात लावतात. कोणाले किंमत नाही."

"त्या तांडेलाच्या घरी पण तसंच?"

"तिथंही तेच."

मी कागद बाजूला सारला. "मला तर या तक्रारीत काही दम वाटत नाही. बिघडलेलं होकायंत्र. त्याची सुईसुद्धा हलत नाही म्हणे. असलं भंगार कोण नेणार?"

"भंगार काहून म्हणता?" ते एकदम म्हणाले. "खालच्या टोकाले थोडा गंज होता, म्हणून अडकत होती. आता फिरते."

उपनिरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना नजरेनंच गप्प राहायला सांगितलं.

"आता फिरते," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. घाबरलेल्या माणसाचा चेहरा मी खूप पाहिला आहे. हा तसा नव्हता. आपण इतका वेळ उभं केलेलं काहीतरी आपल्याच एका शब्दानं पडलं, हे त्यांना दिसत होतं.

"तिथं ते मरून गेलं असतं, साहेब," ते म्हणाले. "त्यानं कसं ठेवलं होतं पायलं असतं तं तुमच्या लक्षात आलं असतं. मी आठ-आठ दिवस त्याच्यावर काम केलं."

"तुमच्याकडे आल्यावर किती जणांनी पाहिलं ते?"

त्यांनी खिशाचं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं.

"त्या धाकट्या भावाला रोज ठाण्यात बसवतात, हे माहीत होतं?"

"नंतर समजलं." त्यांचा आवाज उतरला होता. "तवा वाटलं, वस्तूच नाही सापडली तं त्याले सोडून देतील."

दोन पंचांना घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले. भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस तिथं छातीएवढा भरलेला होता. त्यांनी बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. धोतराच्या फडक्यात बांधलेली होकायंत्राची लहान पेटी बाहेर आली तेव्हा त्यांच्या केसांना, मिशीला कापूस लागला होता. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पंचनामा झाला, पेटीला सील लागलं. संग्रहाच्या खोलीतल्या बाकीच्या वस्तूंचीही चौकशी झाली. त्या सगळ्या रीतसर विकत घेतलेल्या निघाल्या.

निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं नाव कोणी सांगतलं साहेब?"

"तुम्हीच सांगितलंत," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

माणूस पळून जाणारा नव्हता, म्हणून अटक न करता हजर राहण्याची नोटीस दिली. मुद्देमाल आणि कागदपत्रं कोकणातल्या ठाण्याकडे गेली. माझ्याकडचं काम संपलं.

पुढं खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीचं समन्स आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या भागात गेलो. साक्षीची वेळच आली नाही. गृहस्थांनी न्यायाधीशांसमोर उभं राहून गुन्हा कबूल केला. वय आणि पहिलाच गुन्हा पाहून न्यायालयानं चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्यांना सोडलं. दोघे भाऊ कोर्टात होते, पण बाकाच्या दोन टोकांना बसले होते.

बाहेर आल्यावर थोरला धाकट्याजवळ गेला. "चुकलं माझं," म्हणाला.

धाकटा चपलेनं जमीन उकरत होता. "चोरी झाली याचं काही नाही रे, दादा. तू मला एक फोन नाही केलास. आधी पोलिसात गेलास."

थोरल्यानं मान खाली घातली. पण तो तिथून हललाही नाही. थोड्या वेळानं धाकट्यानंच त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं चालायला लागले. जाताना धाकट्यानं आम्हा सगळ्यांना घरी यायला सांगितलं. मला वाटलं, आर्णीचं जोडपं नाही येणार. पण बाई म्हणाल्या, "आम्ही येतो." यजमान खाली मान घालून त्यांच्यामागे निघाले.

ते घर मी तेव्हा पाहिलं. चिऱ्याच्या भिंती, खिडकीतून दिसणारी खाडी, गलबतावरचे कंदील, दोरखंडाच्या गाठींचे नमुने, वाळूचं घड्याळ, आणि कोर्टाकडून परत मिळालेलं होकायंत्र. धाकटा भाऊ एकेक वस्तू मला दाखवत होता. सुरुवातीला आवाज कोरडा होता, मग हळूहळू त्याला रंग चढला. ते गृहस्थ मात्र उंबऱ्याच्या आत आले नाहीत. पडवीतल्या बाकावर बसून राहिले. त्यांना कोणी बोलावलं नाही, कोणी हाकललंही नाही. धाकट्याच्या बायकोनं त्यांच्यापुढंही सरबताचा पेला ठेवला.

मी पडवीत आलो तेव्हा बाई नवऱ्याशी बोलत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत.

"मीच गेलती ठाण्यात."

"मले ठाऊक आहे," ते म्हणाले. "ते दुरुस्त झालं तवा तुलेच तं दाखवलं होतं. दुसरं कोण सांगणार?"

"मंग इतके दिवस बोलले काहून नाही?"

"काय बोलू?" एवढंच म्हणून ते खाडीकडे पाहत बसले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या.

परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभे असताना बाई एकट्या सापडल्या. बरेच दिवस मनात असलेलं मी विचारलं. "ताई, एवढं सगळं झालं. गावात बोलणी खावी लागली. गुपचूप पार्सल करून ते परत पाठवायला नसतं का लावता आलं?"

"हेही तेच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "वस्तू कपाटातून गायब झाल्यावर मी लय भांडली तवा म्हणे, नाव न टाकता पाठवून देऊ, कोणाले समजणार नाही. मी नाही म्हटलं."

"का?"

"साहेब, वस्तू वापस गेली असती. पण थोरला भाऊ काय म्हणला असता? धाकटा भ्याला, अन् लपवलेलं काढून ठेवलं. जिंदगीभर तो चोरच राह्यला असता. वस्तूचं काय हो, ती तं पितळेची."

तीसहून जास्त वर्षं मी या खात्यात काढली होती. मुद्देमाल मिळाला, आरोपी ठरला, दोषारोपपत्र गेलं, की आमच्या लेखी गुन्हा उघड झाला. ज्याला विनाकारण बोलावलं, बसवलं, विचारलं, तो घरी गेला की आमच्या कागदावरून उतरतो. गल्लीच्या मनातून त्याच्यावरचा संशय उतरतो का, हे पाहणं कोणाच्याच कामात धरलेलं नाही. एका बाईनं आपल्या घराची अब्रू पणाला लावून ते पाहिलं होतं.

त्यानंतर माझी नोकरी थोडीच राहिली होती. एका किराणा दुकानाच्या चोरीत आम्ही एका दूधवाल्याला संशयावरून आणलं होतं. चोर दुसराच निघाला. पूर्वी मी त्याला फोनवर "जा, तुझं काही नाही," असं सांगून मोकळा झालो असतो. या वेळी भरदिवसा जीप घेऊन त्याच्या घरी गेलो. दारं उघडली, शेजारी बाहेर आले, बायकांनी गच्चीवरून वाकून पाहिलं. दूधवाल्याचा चेहरा पडला. मी वर्दीतच त्याच्या ओट्यावर बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चोर सापडला. याचा काही संबंध नव्हता. चहा पाजता का?"

त्याच्या आईनं चहात दूध इतकं घातलं होतं की तो पांढराच दिसत होता. मी दोन कप प्यायलो.