उघडलंच आहे तर

माझ्या गाडीचा वॉटर पंप मी स्वतःच्या हाताने मारला. माळावरच्या आमच्या मलूरी गावात पाणी दोन प्रकारचं. टाकीतलं पावसाचं पाणी चहाला आणि पाहुण्याला. बोअरचं खारं पाणी भांड्यांना, अंगाला आणि कुत्र्याला. आता रेडिएटर काही चहा पीत नाही, अशा शुद्ध तर्काने मी त्याला वर्षभर बोअरचं पाजलं. एका सकाळी बारच्या दारात, गावादेखत, गाडीने वरून वाफ सोडली आणि खालून गंजकट धार लावली. कुत्रा मात्र ठणठणीत आहे.

क्लेम ट्रेगेन्झाने गाडीला दोरी बांधून ती आपल्या शेडमध्ये ओढत नेली. पंप आणि त्याच्या शेजारचा बेल्ट पुढच्या ट्रकने मागवला. ट्रक आला, त्या दिवशी त्याने इंजिन उघडलं आणि जुना पंप काढून माझ्या तळहातावर ठेवला. आतली पाती उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती.

"लेस, आयुष्यभर तू मेंढ्या कातरणाऱ्यांना रांधून घातलंस ना?"

"घातलं. का?"

"काही नाही. त्यातलं कोणी जिवंत आहे का, एवढंच विचारत होतो."

क्लेम हसला नाही. तो विनोद करतो, पण हसण्याचं काम दुसऱ्यांवर सोडतो. सत्तरी ओलांडलेला, उंच, बॉनेटखाली वाकून वाकून तसाच राहिलेला माणूस. मलूरीत दुसरा मेकॅनिक नाही, त्यामुळे याची खोड सगळ्यांना सोसावी लागते. खोड अशी, की एका भागासाठी इंजिन उघडलं की हा शेजारचे भागही बदलणार. "उघडलंच आहे तर," एवढंच म्हणतो आणि फळीवरून दुसरा डबा काढतो. क्लेमकडे हॉर्न दुरुस्तीला द्यावा आणि नवे ब्रेक घेऊन घरी यावं, असं गावात म्हणतात. शिवाय काढलेली वस्तू तो पुन्हा कोणाच्या हाती लागू देत नाही. हातोड्याने चेपतो नाहीतर कात्रीने कापतो. जिथे पलंगाच्या स्प्रिंगांनी कुंपणं दुरुस्त होतात, त्या आमच्या गावात याहून मोठं पाप नाही.

या खोडीवर आम्ही हसतो, पण क्लेमच्या माघारी. कारण तिच्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

क्लेमची बायको जीन. नाताळाच्या आठवड्यात, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, ती बहिणीकडे निघाली होती. गाडीचा पंप क्लेमने नुकताच बदलला होता, शेजारचा बेल्ट मात्र जुनाच परत बसवला होता. माळाच्या मधोमध, जिथे सावलीला झुडूपसुद्धा नाही, तिथे तो तुटला. हा बेल्ट तुटला की इंजिन जागच्या जागी संपतं. सुट्टीचे दिवस, रस्त्यावर एकही ट्रक नाही. आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी त्याला शिकवतात, की गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. जीनने सोडली नाही. सापडली तेव्हा ती चाकाला टेकून बसलेली होती. सावली केव्हाच गाडीच्या पलीकडे गेली होती. पाण्याचा डबा रिकामा, झाकण मात्र नीट लावलेलं. जीन तशी नीटनेटकीच होती.

गावाने निवाडा केला, की क्लेमने हात आखडला, झिजलेला बेल्ट परत चढवला. क्लेमने त्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तर माझं इंजिन आ वासून पडलेलं, आणि शेडच्या दारात नोरीन पॅस्को गाडी घेऊन उभी राहिली. तिची गाडी माझ्या गाडीच्याच कंपनीची, तेवढ्याच वयाची. इंजिनातून सुरी दगडावर घासावी तसा आवाज येत होता. शेजारच्या सीटवर तिचा नवरा विक. विकची मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा नोरीन त्याला माळ ओलांडून पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळात रक्त धुवायच्या मशीनवर नेते. मागची खेप या आवाजामुळेच चुकली होती. विकच्या पायांत बूट चढत नव्हते, तो मोज्यांवरच बसला होता.

"क्लेम, आज नाही पोचलो तर..." नोरीन म्हणाली.

"मलाही उघड रे एकदा," विक खिडकीतून म्हणाला. आवाज फाटका होता. "आणि उघडलंच आहे तर शेजारचंही बघून घे. तिथे फारसं काही उरलेलं नाही."

"तुझे भाग आता मिळत नाहीत," क्लेम म्हणाला आणि बॉनेट उचललं.

दोष एका पुलीचा होता. तशी पुली फळीवर होती. ती बसवायची तर तिच्यावरून जाणारा बेल्ट उतरवणं भाग. तो त्याने उतरवला, दिव्याखाली धरला, उलटा वाकवला, एकेका दातावरून अंगठा फिरवला.

"गेल्याच वर्षी घातलाय, शहरात," नोरीन म्हणाली. "बरा आहे ना?"

"चांगला आहे."

आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. क्लेम फळीकडे गेला, माझ्या नावाचा डबा उचलला आणि फोडला.

"ए! माझा आहे तो!" मी म्हणालो.

"माहीत आहे. नाव मीच लिहिलंय."

"क्लेम, अरे लेसचा जुना बेल्ट बघ, चिरा पडल्यात त्याला," नोरीन ओशाळली. "माझा चांगला आहे असं आत्ता तूच म्हणालास ना?"

"उघडलंच आहे तर," क्लेम म्हणाला, आणि माझा नवा बेल्ट तिच्या इंजिनात चढवला. पुढचा ट्रक कधी येईल हे ट्रकवाल्यालाही माहीत नसतं. पण विकचे मोजे बघितल्यावर मी तोंड उघडलं नाही.

ते गेले. धुरळा दिसेनासा होईपर्यंत क्लेम रस्त्यात उभा होता. मग आत येऊन फोनशेजारच्या स्टुलावर बसला. माझी गाडी तशीच उघडी. मी चहा केला, पावसाच्या पाण्याचा, मुद्दाम सांगून. त्याने कप हातात घेतला, ओठाला लावला नाही. मी मेंढ्यांचे दोन-तीन किस्से सांगून पाहिले. एरवी त्यातल्या एकावर तरी तो मला शिवी घालतो. चहावर साय धरली. नोरीनचा उतरवलेला बेल्ट त्याच्या मांडीवर होता आणि अंगठा एकेका दातावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, त्याच त्या दातांवरून.

फोन वाजला तेव्हा उन्हं दारातून आत आली होती. एवढ्या शांततेत मलाही ऐकू आलं. नोरीन म्हणाली, "पोचलो. लावलाय मशीनवर. नर्सवर खेकसतोय."

"बरं," क्लेम म्हणाला आणि फोन ठेवला.

माझा जीव भांड्यात पडला आणि मी व्यवहाराकडे वळलो. "आता असं कर. तो मांडीवरचा बेल्ट मला बसव. मला काय, घर ते बार. जुन्याहून हा हजार पटीने बरा."

क्लेम उठला. खिळ्यावरची पत्रा कापायची कात्री काढली, बेल्ट पात्यात धरला आणि दोन तुकडे केले. मग दोनाचे चार.

"अरे नतद्रष्टा!" मी ओरडलो. "वाया घालवलास! चांगला होता ना रे तो?"

क्लेम तुकडे उचलायला वाकला आणि वर न बघता म्हणाला,

"जीनचाही चांगलाच होता."