तीन बोटांची चीर

डॉक्टरने मला फसवलं. तीन बोटांची चीर ठरली होती, आणि शुद्धीवर येऊन पाहतो तर पोटावर वीतभर टाके.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. बर दुबईच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं. रत्नागिरीहून आलो तेव्हा खाडीच्या धक्क्यावर दुसऱ्यांचे गठ्ठे उचलत होतो. पुढे गठ्ठे माझे झाले, तरी उचलायचो मीच, कारण हमालांच्या ओल्या हातांचे डाग कापडाला लागायचे आणि माझं तोंड तापट, भांडण व्हायचं. त्या वर्षी तीन आठवड्यांनी सुटणाऱ्या बोटीचं तिकीट काढलं होतं. घरी दोन वर्षांची मुलगी होती. मी मागच्या सुट्टीहून परतल्यावर जन्मलेली, मी अजून न पाहिलेली. बायकोने पत्रात लिहिलं होतं, 'ही आता माझ्याने उचलवत नाही. तुम्ही या आणि उचला.'

आणि नेमकं तेव्हाच पोटात दुखायला लागलं.

दवाखान्यातला डॉक्टर साताऱ्याकडचा होता, माझ्याहून तरुण आणि बोलण्यात तिखट. त्याने पोट उजवीकडे खाली दोनदा हळूच दाबलं आणि दोन्ही वेळा हात झटकन उचलला. दाबताना दुखलं नाही इतकं सोडताना दुखलं.

"अपेंडिक्स आहे, सेठ. काढावं लागेल. कधीपासून दुखतंय?"

"कालपासून."

"मग आजच करू."

"आधी कुठून कापणार ते सांगा."

बहुधा असं त्याला कुणी विचारलं नसावं. तो खूश होऊन स्टुलावर बसला. म्हणाला, "पोट उघडायचे रस्ते बरेच आहेत. मधोमध उभी चीर घेतली तर सगळं दिसतं, कारण बरोबर मध्यावर स्नायू नसतात, नुसता पांढरा पडदा असतो. पित्ताशयासाठी उजव्या बरगडीखालून तिरकं जातात. तुम्हाला खाली उजवीकडे एक लहान तिरकी पुरेल."

"लहान म्हणजे केवढी?"

"पाच बोटं."

"दोन."

"अहो, मला आत काम करायचंय, चिठ्ठी टाकायची नाही!"

"तीन. तीन आठवड्यांत बोट सुटते. मुलीला उचलायचंय."

त्याने थोडा विचार केला. "ठीक, तीन. पण त्या बदल्यात माझे विद्यार्थी तुमच्या पोटावर शिकणार. ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायला तयार होतायत, पुस्तकातली पोटं पाहून कंटाळलेत."

"खलास," मी म्हटलं. सौदा झाला. त्याच दुपारी मी घरी पत्र टाकायला दिलं, की काळजी करू नकोस, चीर फक्त तीन बोटांची आहे आणि आल्या आल्या मुलीला उचलतो.

विद्यार्थी तिघं आले. त्यातली एक मल्याळी मुलगी पुढे होती. तिने जांभळ्या औषधात काडी बुडवून माझ्या पोटावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या, नऊ घरं झाली. यकृत वर उजवीकडे, जठर वर मध्ये आणि डावीकडे, अशी तिने धडाधड नावं सांगितली. मग डॉक्टरने विचारलं, "अपेंडिक्स?" आणि तिने बोट ठेवलं ते डावीकडच्या घरात.

"ए बहन, वो मेरा बायाँ है!" मी ओरडलो.

"पेशंटचं उजवं ते उजवं," डॉक्टर तिला म्हणाला. "आपण समोर उभे असतो."

गिऱ्हाइकासमोर उभं राहून रोज कापड मोजणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तसं मी तिला सांगितलंही. ती रागावली नाही, उलट तिने बेंबीपासून कमरेच्या उजव्या पुढच्या हाडापर्यंत रेघ ओढून तिचे तीन भाग केले आणि हाडाकडून पहिल्या भागाच्या टोकाला ठळक ठिपका दिला. चीर तिथे.

मग डॉक्टरने आतलं सांगितलं. कातडी, चरबी, त्याखाली स्नायूंचे तीन थर, आणि सगळ्यात आत पातळ आवरण. प्रत्येक थराचे धागे वेगळ्या दिशेने जातात. पहिल्याचे खिशात हात घालावा तसे खाली, दुसऱ्याचे उलट, तिसऱ्याचे आडवे. या लहान चिरेत स्नायू कापत नाहीत, धाग्याच्या दिशेने नुसते बाजूला सारतात, म्हणून पोट पुन्हा घट्ट मिटतं.

"पॉपलिनसारखं," मी म्हटलं. "धाग्याला धरून सुळकन फाटतं. आडवं गेलात की चिंध्या."

"तुम्हीच शिकवा, सेठ. मी दुकानावर बसतो."

सगळे हसले, मीही हसलो. मग तोंडावर ईथरचा रुमाल आला.

जाग आली तेव्हा पोटातून रबरी नळी बाहेर निघाली होती आणि डॉक्टर सांगत होता, "तीन महिने जड काही उचलायचं नाही."

मी ओरडायला गेलो. टाक्यांनी मला गप्प केलं. तरी दात आवळून म्हटलं, "तीन बोटं ठरली होती."

"तीनच घेतली होती. आत पू निघाला. अपेंडिक्स फुटून आतड्याच्या मागे वर चढलेलं. दिसेना, म्हणून चीर वर वाढवली. स्नायू कापावा लागला." मग त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "सेठ, खरंच कालपासून दुखत होतं?"

मी छताकडे बघितलं. "चार दिवस."

"सर," ती मल्याळी मुलगी म्हणाली, "इन्होंने दर्द का भी भाव कम करके बताया!"

हसू द्या. पण गरज उघड केली की समोरचा सोलतो, हे मी धक्क्यावर शिकलो होतो. चार म्हटलं असतं तर त्याने वीतभर चीर सांगितली असती, आणि ती मला नको होती.

गावी पोचलो. बायको महिनाभर मुलीला सांगत होती, अब्बा येणार, अब्बा उचलणार. दोन दिवस ती दारामागून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी समोर येऊन तिने दोन्ही हात वर केले.

"अहो, डॉक्टर काय म्हणालेत?" बायको आतून ओरडली.

मी खाली बसून तिला मांडीवर ओढलं. ते तिला नको होतं. तिने हात खाली घेतले आणि मामाकडे गेली. त्याने डोक्यापर्यंत उचललं. काय खिदळली!

"घासाघीस करून आलात ना?" बायको म्हणाली. "आता बसा."

तीन महिने संपले तेव्हा मी परत दुबईत होतो. पुढच्या सुट्टीत गेलो तर मुलगी पाच वर्षांची. उचलायला वाकलो, तर म्हणाली, "अब्बा, मी मोठी झालेय."

डॉक्टरने जीव वाचवला, हे मी कधी नाकारलं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. साताऱ्याच्या बाजारात वांगी घेताना हा माणूस पहिला आकडा मानत होता का? मग माझा का मानला? पोट दोनदा दाबलं, दिवस एकदाच विचारले. पुन्हा विचारलं असतं तर मी दोन म्हटलं असतं, तिसऱ्यांदा चार. मग त्याने तीन बोटं कबूल केली नसती आणि मी घरी तसं पत्र लिहिलं नसतं. आता तो म्हातारा झाला असेल, पण हयात असेल तर त्याने सांगावं. दुसऱ्यांदा का नाही विचारलंस?